मुंडकत्तिलचे कैमुत्त

६ जानेवारी १९७४, रविवार

आज उपासना संपल्यावर आमचे पाद्री गीवर्गीस अच्चन यांनी जाहीर केले की नवे तिरुमेनी, म्हणजे बिशप, सत्तावीस तारखेला आपल्या चर्चला पहिली भेट देणार. बायकांच्या बाजूने सुस्कारे, पुरुषांच्या बाजूने कुजबुज. लगेच कमिटीचे सेक्रेटरी उम्मच्चन उभे राहिले. हे गृहस्थ खोबऱ्याचे व्यापारी. मांडव, बँड आणि बीफ यांवर ते इतके बोलले की तिरुमेनी येणार आहेत की त्यांच्या मुलीचे लग्न आहे, कळेना.

शेवटी ते म्हणाले, "प्रत्येक घराने कैमुत्त तयार ठेवावं."

मागच्या बाकावरच्या एका कॉलेजच्या मुलीने शेजारणीला विचारले, "म्हणजे डोनेशन का?" मी मागे वळून पाहिले. तिने घाईघाईने प्रार्थनेचे पुस्तक उघडले.

डोनेशन नव्हे. नवे तिरुमेनी पहिल्यांदा चर्चची पायरी चढतात त्या दिवशी चर्चचा सेवक, कप्यार, घरांची नावे पुकारतो. ज्याचे घर त्याचा कर्ता पुढे होतो, तिरुमेनींच्या हाताचे चुंबन घेतो आणि तळव्यात एखादे नाणे ठेवतो. ते कैमुत्त. हात हातात धरला गेला की सारा गाव पाहतो. त्या तिरुमेनींच्या हयातीत त्या घराचा कर्ता तोच. लग्नाची चिठ्ठी त्याच्या नावाने, कबरीची जागा त्याला विचारून, आणि बांधाचे भांडण झाले तर अच्चन साक्षीला त्यालाच बोलावणार.

जुने तिरुमेनी आले तेव्हा आमच्या घरातून माझे यजमान चाक्को पुढे झाले होते. मी दूर, उत्तरेकडच्या दाराशी बायकांत उभी होते. बायका शेवटी रिकाम्या हातांनी आत जातात आणि घाईघाईने क्रूसाला ओठ लावून बाहेर पडतात. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते, हेही लिहून ठेवते.

चाक्को जाऊन चार वर्षे झाली. मूलबाळ नाही. त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याही आधी गेले. त्यांच्या पत्नी, माझ्या जाऊबाई कुंजन्नम्मा, माझ्याकडेच असतात. घरात दोन विधवा आणि एक गाय. आमच्या मुंडकत्तिल घराच्या नावाने यंदा कोण पुढे होणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी होणार.

८ जानेवारी

प्रश्न मला पडला नव्हता, तंपीला पडला होता. तंपी हा धाकट्या दिरांचा मुलगा. शहरात टायरचे दुकान, अंगावर टेरिलीनचा शर्ट. आला तो व्हरांड्यातल्या खांबांवर टिचक्या मारीत.

"अंजिली आहे ना काकू ही? आता असं लाकूड मिळत नाही."

"म्हणून तर घर उभं आहे. बस."

काळी कॉफी पिऊन झाल्यावर मुद्द्यावर आला.

"सत्तावीसला मी सकाळीच येतो."

"ये की. जेवूनच जा."

"तसं नाही. मुंडकत्तिलच्या नावाने मीच उभा राहीन म्हणतो. घरात पुरुष नाही ना."

"घरात चोरही नाही. म्हणून काय एक आणून ठेवायचा?"

तो हसला. त्याला राग येत नाही, हीच त्याची वाईट सवय आहे. मग त्याने बेत सांगितला. इतका सरळ सांगितला की मला त्याची जवळजवळ कीव आली. घर उतरवायचे, लाकूड विकायचे, सगळ्या परड्यात रबराची झाडे लावायची. जाऊबाईंना त्याच्या घरी न्यायचे. तिथून इस्पितळ जवळ आहे.

"आणि मी?"

"तुमचे भाऊ आहेतच की माहेरी. शिकलेल्या माणसाचं कुठेही निभतं, काकू."

चाक्कोंनी मृत्युपत्र केले नाही. वकील म्हणतो, कोर्टात गेलात तर तुमचे आयुष्य जाईल, आणि शेवटी कोर्टही चर्चलाच विचारील, त्या घराचा कर्ता कोण. तेव्हा जे काही व्हायचे ते सत्तावीसला होणार. तंपीने हात धरला तर घर त्याचे. मी धरला तर ते उभे राहील. एवढे स्पष्ट असले की मला झोप चांगली लागते.

१० जानेवारी

गीवर्गीस अच्चनना भेटले. तिसरीत माझ्या हाताखाली होते. सातच्या पुढचे पाढे आजही येत नसावेत. दाढी मात्र उत्तम आहे.

"टीचर, ही प्रथा आहे."

"कुठे लिहिली आहे?"

"प्रथा लिहीत नाहीत, टीचर. पाळतात."

"मीही पाळतेच आहे. घराचा कर्ता पुढे होतो. घरात मी आहे."

"कर्ता म्हणजे पुरुष."

"चर्चचं छप्पर बदललं तेव्हा मुंडकत्तिलची वर्गणी कोणी दिली? तंपीने?"

"ती वर्गणी. हे कैमुत्त."

"म्हणजे माझा पैसा छपराला चालतो, तिरुमेनींच्या हाताला चालत नाही. हात छपरापेक्षा नाजूक आहे का?"

अच्चननी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "उद्या सगळ्याच विधवा उठल्या तर मी काय करू?"

"सगळ्या उठणार नाहीत. त्यांच्यात तेवढा दम नाही. मी एकटीच आहे, घाबरू नका."

बाहेर कप्यार औसेप दाराशी अगदी मन लावून घंटेचा दोर पुसत होता. दोर पुसायला लागतो हे मला माहीत नव्हते.

१३ जानेवारी, रविवार

जाऊबाईंचे वय झाले. आज जेवताना एकदम विचारतात, "राहेल, औसेप पुकारताना माणसाचं नाव घेतो की घराचं गं?"

"घराचं. तुम्हाला माहीत आहे."

"नुसतं घराचं?"

"नुसतं घराचं, जाऊबाई. कल्लुंकल. मुंडकत्तिल. पनच्चिरा. आणि कोण पुढे आलं, ते लोक पाहतात."

"म्हणजे ज्याचे पाय आधी उचलले तो."

"मासळी गार होतेय."

थोड्या वेळाने पुन्हा: "आपल्या गावात पुरुष नसलेली घरं किती असतील?" मी म्हटले, मोजली नाहीत. त्या भाताचा घास हातात धरून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. गुडघ्यांचे दुखणे डोक्यापर्यंत पोहोचले की काय, अशी शंका येते.

गेल्या नोव्हेंबरपासून त्या फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत. चर्चलाही नाही. देव घरीच येतो, म्हणतात.

१५ जानेवारी

घरात आता रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली आहे. जाऊबाईंचा हट्ट. "मला चालवत नाही, चार बायकांना इथंच बोलावते." चारच्या आज आठ झाल्या. तेलघाण्याची शोशाम्मा, पनच्चिऱ्याची अलियम्मा, नदीकाठची चिन्नम्मा, आणखी कोणकोण. सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या. सुखाने नांदणाऱ्या बायकांना प्रार्थनेला वेळ नसतो, विधवांना असतो, असे दिसते.

मी आतल्या खोलीत बसून माझे भाषण लिहीत होते. सत्तावीसला कोणी अडवले तर काय बोलायचे ते तयार हवे. बाहेरून एक स्तोत्र ऐकू आले, मग बराच वेळ कुजबुज, आणि मग सगळ्याजणी खो खो हसल्या. प्रार्थनेत हसण्यासारखे काय असते?

शिवाय अच्चप्पम तळायला जाऊबाईंनी अर्धी बरणी खोबरेल तेल संपवले. मी म्हटले, "देवाला तळण लागतं का?"

"देवाला नाही लागत. बायकांना लागतं."

१६ जानेवारी

औसेप कप्यारही प्रार्थनेला आला होता. पुरुष! जाऊबाईंनी त्याला अच्चप्पम बांधून दिले. ही उधळपट्टी थांबवायला हवी.

१८ जानेवारी

आज तंपी आला तेव्हा मी गोठ्यात होते. तो व्हरांड्यात जाऊबाईंशी बराच वेळ बोलत बसला. मी हात धुऊन आले तर जाऊबाई आत जाऊन पडल्या होत्या. तंपीच्या चेहऱ्यावर समाधान.

"काकू, भांडण कशाला? मी एक सुचवतो. तुम्ही सत्तावीसला गप्प राहा. मी पुढे होतो. तुम्ही असेपर्यंत घराला हात लावणार नाही. तुमच्यानंतरच रबर."

"आणि जाऊबाई?"

"मोठी काकू माझ्याकडे येणार. तयार आहे ती. आत्ताच हो म्हणाली. विचारा हवं तर."

मी विचारले नाही.

"मोठीच्या संमतीने मी उभा राहतोय," तो म्हणाला. "घरात वयाने मोठी तीच. अच्चननाही तसं सांगितलंय. ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला."

तो गेल्यावर मी परड्यात एक फेरी मारली. सुपाऱ्या, फणस, चाक्कोंनी लावलेल्या मिरीच्या वेली. घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे जागच्या जागी आहेत, माणूसच फिरले.

त्यांना शहर हवे असेल. इस्पितळ, विजेचा पंखा, सून हाताशी. माझ्याकडे त्यांना काय मिळते? वेळेवर जेवण आणि टोमणे. तरीही एकदा सांगायला हवे होते. इतकी वर्षे एका चुलीवर काढली.

१९ जानेवारी

जाऊबाईंशी बोलले नाही. त्यांनी विचारले, घसा बसलाय का? म्हटले, हो. मिरे घालून काढा करून दिला. प्यायले. बोलले नाही.

२० जानेवारी, रविवार

उम्मच्चननी वेदीजवळ उभे राहून फर्मान काढले. सत्तावीसला सर्व स्त्रियांनी उपासनेनंतर थेट स्वयंपाकाच्या मांडवात जावे, कारण आठशे पाने उठायची आहेत. तिरुमेनींच्या हाताचे चुंबन स्त्रियांना जेवणानंतर, वेळ उरल्यास. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. म्हणजे माझ्यासाठीच होते.

बाहेर आल्यावर त्यांना गाठले.

"माझ्या वाट्याला काय आलंय?"

"कांदा, टीचर. तुमची देखरेख असली की काम शिस्तीत होतं."

"सेहेचाळीस सालापासून मी या गावातली पोरं रडवतेय. आता कांद्याने मला रडवायचं ठरवलंत का?"

दोघे-तिघे हसले. उम्मच्चन हसले नाहीत. म्हणाले, "टीचर, आम्ही तुम्हाला मान देतो. तो ठेवून घ्या."

"मान तुमच्या दुकानातल्या खोबऱ्यासारखा असेल तर नको. वरून पांढरा, आत खवट."

हे बोलायला नको होते. पण खोबरे खरोखरच खवट असते.

२२ जानेवारी

आज खरे काय ते लिहिते. इथे कोणी पाहणार नाही.

मला घर हवे आहे, की "मुंडकत्तिलची कर्ती" हे नाव हवे आहे? तंपी म्हणतो ते मान्य केले तर मी मरेपर्यंत याच खोलीत, याच खिडकीशी बसेन. माझ्यानंतर रबर लागला काय आणि माकडे नाचली काय, मला दिसणार नाही. जाऊबाई जाणारच आहेत. मग चारचौघांत भांडण करून मी कोणासाठी काय वाचवते?

दोन तास विचार केला. उत्तर असे आले की मला दोन्ही हवे. मद्रासला कॉलेजात होते तेव्हा आमच्या प्राचार्या म्हणत, मुलींनी हवे ते मागायला लाजू नये. लाजत नाही.

बाहेर आजही प्रार्थना. बाराजणी. घोळका निघाला तेव्हा नदीकाठच्या चिन्नम्माने आत डोकावून विचारले, "टीचर, चुंबन घेताना आधी वाकायचं की आधी हात धरायचा?"

"तुला काय करायचंय? तुझी मुलं पुढे होतील."

"मुलगा कुवेतला आहे हो. सहज विचारलं."

"आधी उजवा हात तळहाताखाली, मग वाकायचं, मग नाणं. घाई करायची नाही." विचारले की शिकवायचे, ही सवय जात नाही. तिच्यामागे आणखी चौघी उभ्या राहून ऐकत होत्या.

२४ जानेवारी

जाऊबाईंनी नोट देऊन सुट्टे रुपये आणायला सांगितले. भिकाऱ्यांसाठी, म्हणाल्या. आमच्या गावात इतके भिकारी आहेत हे मला ठाऊक नव्हते. आणले. बोलले नाही.

२६ जानेवारी

भाषण पाठ. तीन मुद्दे. शेवटी एक वचन बायबलमधले, ज्याला अच्चनना उत्तर देता येणार नाही.

भीती वाटते. पुरेसे.

२७ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

घडले तसे लिहिते.

उपासना संपली. मी मांडवात गेले, कांद्याच्या ढिगापुढे बसले, दहा-बारा कांदे चिरले. कोणी म्हणू नये की दिलेले काम टाकले. मग सुरी ठेवली, हात धुतले, साडी सारखी केली आणि निघाले. मागे वळून पाहिले नाही. शिक्षकाने वर्गातून बाहेर पडताना मागे पाहायचे नसते.

पश्चिमेच्या मोठ्या दाराशी पुरुषांची रांग. तिरुमेनी आत, वेदीखालच्या पायरीवर खुर्चीत. वयाने लहान आहेत, पन्नाशीही नसेल. चष्मा जाड. हातात क्रूस. शेजारी अच्चन, आणि खांबाशी औसेप, छाती पुढे काढून. मी रांगेत शिरले नाही. भिंतीकडेने सरळ पुढे गेले आणि पहिल्या खांबापाशी उभी राहिले. उम्मच्चन माझ्याकडे येऊ लागले तेवढ्यात औसेपने सुरुवात केली.

"कल्लुंकल!"

कल्लुंकलचा म्हातारा पुढे गेला, चुंबन, नाणे, परत.

"मुंडकत्तिल!"

मी एक पाऊल टाकले. रांगेतून तंपीने टाकले. दोघे एकाच वेळी तिरुमेनींसमोर पोहोचलो. त्याच्या हातात जाड पाकीट, माझ्या हातात रुपया.

अच्चन पटकन वाकून तिरुमेनींच्या कानाशी लागले. पण त्यांना हळू बोलता येत नाही. लहानपणीही कॉपी करताना मला ऐकू येत असे. "हा पुतण्या. घरातल्या मोठ्या बाईने याला संमती दिली आहे. या धाकट्या."

तंपी आदराने म्हणाला, "हो तिरुमेनी. मोठ्या काकूंनी स्वतः सांगितलंय. मोठी असताना धाकटीने पुढे होणं बरं दिसत नाही."

माझे तिन्ही मुद्दे डोक्यात होते. एकही या प्रश्नाचा नव्हता. जाऊबाई मोठ्या आहेत, घर कोणाचे म्हणायचे तर आधी त्यांचे, हे मी तीन आठवड्यांत एकदाही विचारात घेतले नव्हते.

तेवढ्यात उत्तरेच्या दारातून आवाज आला. "मोठीलाच विचारा की मग."

वेताची खुर्ची. तिचे दोन हात शेजारच्या मुलांनी धरलेले, आणि खुर्चीत जाऊबाई, ठेवणीतला चट्टा-मुंडू नेसून, कानांतली जुनी सोन्याची वळी डुलवत. फाटकाबाहेर न पडणाऱ्या जाऊबाई.

खुर्ची मध्यभागी आणून ठेवली. तिरुमेनींनी चष्मा सारखा केला.

"अम्मच्ची, तुम्ही मुंडकत्तिलच्या?"

"मी थोरली सून. गुडघे गेलेत, डोकं आहे अजून."

"तुम्ही या मुलाला संमती दिलीत?"

"मी मोठी, म्हणून मी सांगते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा इतका मोठा आवाज मी लग्नानंतर आजच ऐकला. "आमच्या घरातून राहेल पुढे होईल. तंपी, जेवून जा, बाळा. बीफ चांगलं झालंय."

कोणीतरी हसले. तंपी तसाच उभा. अच्चन तिरुमेनींकडे पाहू लागले, उम्मच्चन अच्चनकडे. तिरुमेनी कोणाकडेच पाहत नव्हते. त्यांचा हात पुढे होता, तो त्यांनी मागे घेतला नाही. एवढेच. मी उजवा हात त्यांच्या तळहाताखाली धरला, वाकले, क्रूसाला आणि हाताला ओठ लावले आणि रुपया ठेवला. हात मऊ होता.

मी बाजूला झाले. आता इथवर संपेल असे वाटले. पण औसेपने पुढचे नाव घेतले.

"पनच्चिरा!"

आणि पनच्चिऱ्याची अलियम्मा उत्तरेच्या दारातून आत आली. पदराखालून रुपया काढला. आधी उजवा हात तळहाताखाली, मग वाकणे, मग नाणे. बिनचूक.

उम्मच्चन औसेपला दबक्या आवाजात म्हणाले, "थांब! थांब म्हणतो ना!"

"मला पुकारायला सांगितलंय, सेक्रेटरीसाहेब," औसेप म्हणाला. "थांबायला कुणी सांगितलेलं नाही. पारय्क्कल!"

शोशाम्मा. मग दोन पुरुष, मग चिन्नम्मा. ज्या ज्या घरात पुरुष नाही त्या त्या घराची बाई आपले नाव आले की दारातून आत. शेवटी तिरुमेनी नाव पुकारल्याबरोबर आधी उत्तरेच्या दाराकडे पाहू लागले. त्यांच्या दाढीत काहीतरी हलले, ते हसू होते की नाही हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

मांडवात कोणी उरलेच नव्हते. जळका वास आला तेव्हा कमिटीचे चार सभासद धोतर खोचून पातेल्यांकडे धावले. तळाचे बीफ लागले. सगळ्यांनी तेच खाल्ले. तंपी जेवला नाही.

या बायकांना एकाच दिवशी, एकाच वेळी हे कसे सुचले, देव जाणे. बहुधा माझे अच्चनशी झालेले भांडण औसेपने गावभर केले असावे. उदाहरणाचा परिणाम होतो, हे मी शाळेत नेहमी सांगत असे.

२८ जानेवारी

जाऊबाईंना आज विचारलेच.

"तुम्ही तंपीला हो म्हणाला होतात."

"म्हणाले."

"का?"

"तो 'बरी आहेस ना' विचारतो, तेव्हाही मी हो म्हणते. त्याला ऐकू जाणारा तेवढा एकच शब्द आहे, राहेल."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू भाषणात घातलं असतंस."

यावर मला राग यायला हवा होता. मी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळले. काल त्या खुर्चीतून उतरून दोन पावले चालल्या, ते आज सुजलेत.

"इथे राहायचं आहे ना तुम्हाला?" मी विचारले.

"तुझे टोमणे ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही," त्या म्हणाल्या. "जरा डावीकडे चोळ."

२९ जानेवारी

अच्चनकडून एक मुलगा पाकीट घेऊन आला. आत माझा रुपया. "चुकून स्वीकारला गेला." मी पाकीट तसेच परत पाठवले. दुपारी पुन्हा आले. पुन्हा पाठवले. संध्याकाळी अच्चन स्वतः आले, व्हरांड्यात ठेवून जाऊ लागले.

"अच्चन, हातात दिलेलं परत घेत नाहीत. हीच प्रथा आहे ना? लिहीत नाहीत, पाळतात."

"टीचर, कमिटी माझ्या डोक्यावर बसलीय."

"तुमचं डोकं आहे. उठवा त्यांना."

ते बिचारे हसले आणि पाकीट खिशात घालून गेले. शोशाम्माकडचे, अलियम्माकडचे, सगळीकडचे रुपये असेच परत आले होते. एकीनेही घेतले नाहीत, असे दूधवाली सांगत होती. आता ते रुपये अच्चनच्या टेबलावर पडून आहेत, आणि पेटीत टाकावे तर स्वीकारल्यासारखे, न टाकावे तर पाप.

तंपीचा निरोप: वकिलाला भेटतोय. भेटू दे.

३१ जानेवारी

दुपारी औसेप आला. या वेळी अच्चप्पम खायला नव्हे. पायरीखाली उभा राहिला, खांद्यावरचे उपरणे काढून काखेत घेतले, घसा साफ केला.

"टीचर, कमिटीचा निरोप आहे."

"बोल."

"रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक आहे. सत्तावीसच्या प्रकाराबद्दल. मुंडकत्तिलच्या कर्त्याने हजर राहून जाब द्यावा."

मी वाती वळत होते. हात थांबले.

"काय म्हणालास?"

"जाब द्यावा, असं म्हणाले."

"ते नाही. त्याआधी."

औसेपने डोळे मिटून आठवले. "मुंडकत्तिलच्या कर्त्याने हजर राहून."

"हा निरोप शहरात तंपीकडे न्यायला सांगितलाय?"

"नाही टीचर. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, टीचरकडे जा."

"इतर घरांकडेही जायचंय?"

"हो. पनच्चिऱ्याच्या कर्त्याला, पारय्क्कलच्या कर्त्याला, सगळीकडे. अलियम्मा, शोशाम्मा..." तो बोलता बोलता थांबला. त्याच्याही लक्षात आले. तोंडावर उपरणे धरून त्याने खाली पाहिले. आतून जाऊबाईंच्या खाटेची करकर ऐकू आली. त्या कोपरावर उठून ऐकत होत्या.

मी उठले, पायरीच्या कडेपर्यंत आले. समोरच्या रस्त्यावरून दोन माणसे सायकलवरून जात होती. त्यांनाही ऐकू जावे म्हणून जरा मोठ्याने म्हटले,

"औसेप, त्यांना सांग, मुंडकत्तिलची कर्ती येईल. खुर्ची ठेवायला सांग. दोन."